सध्या काय ऐकता?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसबाईंनी ‘संगीतावर काही बोला’ असा निरोप धाडला, तेव्हा मी त्यांना स्पष्टच विचारले, की संगीतावर म्हणजे नेमके कशावर? मी काही गायिका नव्हे. माझ्या गळ्याची कीर्ती गणपतीच्या आरत्यांपलीकडे गेलेली नाही, आणि तेथेही मला मागच्या रांगेत उभे करण्याचा प्रघात आहे. तेव्हा त्यांनी विषय जरा सोपा करून दिला. म्हणाल्या, ‘‘आपल्या दुपारच्या श्रवणवर्गात काय चालते ते सांगा.’’ हे मला जमण्याजोगे आहे, कारण तेथे गावे लागत नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी तीन ते साडेचार या वेळात आम्ही बारापंधराजणी याच दिवाणखान्यात सतरंजी घालून बसतो. एकच प्रश्न असतो: सध्या काय ऐकता? जिला सांगावयाचे असेल तिने ते ऐकवावयाचे, फार तर वीस मिनिटे, आणि मग आपल्याला त्यात काय ऐकू आले ते दोन-चार वाक्यांत सांगावयाचे. नियमही एकच आहे. बोलताना ‘छान’, ‘अप्रतिम’ आणि ‘अंगावर काटा आला’ हे शब्द वापरावयाचे नाहीत. हा नियम ऐकून पहिल्या गुरुवारी पाच मिनिटे कोणीच बोलेना! मग एका बाईंनी भीतभीत सांगितले, ‘‘ती बाई सूर लावण्याआधी थांबते, ते मला आवडले.’’ तेथून आमचा वर्ग खरा सुरू झाला.

नियम करावा लागला त्याला कारण घडले. त्यापूर्वी आमची देवाणघेवाण मोबाइलवर चालत असे. मंडळाच्या ग्रुपवर रोज गाणी येत. एका सकाळी मी मोजली, नऊ होती. नऊही गाण्यांखाली टाळ्यांची आणि नमस्काराची चित्रे होती. संध्याकाळी वाचनालयात चौघीजणी भेटल्या, त्यांना सहज विचारले, की त्यातले कोणते ऐकलेत? एकीनेही एकही ऐकलेले नव्हते. जिने पाठवली होती तिनेही नाही! पुढे ढकललेले गाणे हे ऐकलेले गाणे नव्हे. वाण लुटावे तशी गाणी लुटली जात होती, आणि वाणाची वस्तू निदान घरात राहते तरी.

आता मुख्य अडचणीकडे येते. वर्गाला या म्हटले, की शेजारणी एक ठरलेले उत्तर देतात, ‘‘आम्हाला त्यातले काय कळते?’’ मला या उत्तराचे नवल वाटते. जी बाई माजघरात बसून कुकरची दुसरी शिट्टी आणि तिसरी शिट्टी यांतला फरक ओळखते, फोडणीत मोहरी पुरी तडतडली की अजून दोन दाणे बाकी आहेत हे न पाहता सांगते, जिन्यावरच्या पावलांवरून कोण आले आणि कोणत्या तऱ्हेने आले हेही जिला कळते, तिने आपल्या कानाला अडाणी म्हणावे? कान तयारच आहे. त्याला गाण्याकडे वळवण्यास फक्त कोणी सांगितले नाही.

म्हणून आम्ही आरंभी एक युक्ती केली. भूप आणि देशकार हे दोन राग एकामागून एक लावले. दोहोंत तेच पाच सूर आहेत: सा, रे, ग, प आणि ध. म आणि नी दोहोंतही नाहीत. एकाच वाण्याकडून आणलेले तेच पाच जिन्नस दोन सुनांना दिले, तर दोघींच्या हातचे निराळे लागते ना? तसेच आहे हे. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरचा; तो पुन्हा पुन्हा गंधारापाशी येऊन बसतो, खालच्या सुरांत रमतो, मन निवते. देशकार सकाळचा, त्याचा जीव धैवतात आहे, त्यामुळे तो वरच्या अंगाने चालतो, सूर्य वर येताना अंगणात जशी लगबग असते तसा. आधी आम्ही रागांची नावे सांगितली नव्हती. पंधराजणींपैकी अकराजणींनी दुसरे गाणे सकाळचे म्हणून ओळखले, आणि त्यांतल्या सातजणींनी उभ्या जन्मात ‘देशकार’ हा शब्द ऐकला नव्हता. कळते की नाही याची याहून दुसरी परीक्षा मला ठाऊक नाही.

भूपासाठी आम्ही किशोरीताई आमोणकरांची ध्वनिमुद्रिका घेतली होती. ती पुष्कळ घरांत असते. आमच्या एका भगिनीच्या घरीही ती मोठी काळी तबकडी कित्येक वर्षे होती. वर्गात ती लावली आणि बाई एकदम म्हणाल्या, ‘‘हा नारळ खवण्याचा भाग!’’ आम्ही हसलो. पण त्यांनी पुढे सांगितले ते हसण्यासारखे नव्हते. घरी यजमान ही तबकडी लावीत, डोळे मिटून आरामखुर्चीत बसत. बाई स्वयंपाकघरात. आरंभीचे विलंबित नारळ खवताना कानी पडे. पुढे भाजी फोडणीस पडली की त्या आवाजात मधले सगळे बुडून जाई. पाने वाढून झाली की शेवटच्या ताना ऐकू येत. गाणे त्यांना पाठ होते, पण मध्ये भोक पडलेले! वयाच्या बासष्टाव्या वर्षी, आमच्या सतरंजीवर, त्यांनी ते भोक भरून काढले. ‘‘ती वरच्या षड्जाला अशी सावकाश जाते हे मला माहीतच नव्हते. मला वाटे, ती तेथे असतेच.’’ मोठा ख्याल हा प्रवासाचा प्रकार आहे. कोठून निघालो आणि किती आढेवेढे घेऊन पोचलो हे कळले नाही तर पोचण्याला काय अर्थ राहिला? त्या दिवशी मी वर्गात विचारले, की पाऊण तासाचा ख्याल पहिल्या आलापापासून शेवटपर्यंत, हातात काही काम न घेता, कितीजणींनी ऐकला आहे? पंधरांपैकी तीन हात वर आले, आणि त्यांपैकी दोघी कधीकाळी गाणे शिकलेल्या होत्या.

मजजवळ माझ्या सासूबाईंची आठवण आहे. त्यांना रेडिओचे वेड. आकाशवाणीवर दुपारी बायकांसाठी ‘वनिता मंडळ’ लागे, त्यात पाककृती, औषधे, घरगुती सल्ला सगळे असे. पण त्या वाट पाहत असत ती दुपारच्या शास्त्रीय गायनाची. उभ्या राहून ऐकत. बाहेरच्या खोलीत रेडिओ, मधल्या दारात त्या, खांदा चौकटीला टेकलेला. बसावे असे कोणी त्यांना कधी सुचवले नाही आणि त्यांनाही कधी सुचले नाही. भीमपलास लागला, की ‘आला ग बाई’ म्हणत, जणू पोस्टमन आला. त्यांना रागाचे आरोह-अवरोह ठाऊक नव्हते. शनिवारी रात्री साडेनऊला अखिल भारतीय कार्यक्रम असे. तो १९५२ साली सुरू झाला. त्या रात्री त्या पितळी भांडी घासावयास घेत नसत, सकाळवर ठेवीत. आवाज होऊ नये म्हणून! घरच्या पुरुषमाणसांना ते कधी लक्षातही आले नाही. रविवारी सकाळी भांड्यांचा ढीग का, एवढेच विचारले जाई.

हे भीमपलासाचे मी उगाच सांगत नाही. सारंग, भीमपलास, मुलतानी, पटदीप हे दुपारचे राग. दुपार ही गृहिणीची वेळ. जेवणे आटोपलेली, मुले शाळेत, चहाला अजून अवकाश. पण मैफली भरतात संध्याकाळी आणि रात्री. तेव्हा ज्या वेळी बायकांना सवड त्या वेळी मैफल नाही, आणि मैफलीच्या वेळी बायकांना सवड नाही, असा हा उफराटा न्याय. दुपारचे राग आमच्यापर्यंत आणले ते रेडिओने. मुंबईचे केंद्र १९२७ पासूनचे, पुण्याचे २ ऑक्टोबर १९५३ चे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात त्या खात्याचे मंत्री होते. त्यांनी आकाशवाणीवर चित्रपटगीतांना मज्जाव केला म्हणून लोक त्यांना अद्याप नावे ठेवतात, आणि लोक सिलोनकडे वळले हेही खरेच. पण दुपारी चौकटीत उभ्या असलेल्या बाईला बड्या गवयांचे गाणे फुकटात मिळाले, हे त्यांच्या खात्यावर जमा करावयास हवे. माझे हे मत घरात सर्वांना मान्य नाही.

रात्रीच्या रागांची कथा निराळी. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला, तो पुष्कळ वर्षे रात्रभर चाले. दरबारी, मालकंस, अडाणा हे आपापल्या वेळी ऐकावयास मिळत आणि पहाटे ललत. रात्रभर कनात गाठणाऱ्या बायका तेव्हाही होत्या, शाल पांघरून आणि थर्मासमध्ये चहा घेऊन जात. पण घरी लहान मूल किंवा म्हातारे माणूस असले की तो विषयच मिटे. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार केला तर नियम योग्य आहेत; माझे घर कार्यालयाला लागून आहे, मला विचारा! पण परिणाम असा झाला, की मध्यरात्रीचा आणि पहाटेचा राग उघड्या मंडपातून जवळजवळ उठलाच. आज ललत त्याच्या वेळी ऐकावयाचा तर ध्वनिमुद्रणाला शरण जावे लागते. आता या बाबतीत पुरुष आणि बायका एका पंक्तीला आले, हे काही थोडे नव्हे.

ध्वनिमुद्रणाचे नाव निघाले म्हणून सांगते. आपल्याकडे तबकडीत गाण्यास पहिल्याने पुढे आल्या त्या बायका. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीची माणसे यंत्रे घेऊन कलकत्त्यास आली. मोठमोठे गवई आपली विद्या त्या कर्ण्यात ओतावयास कचरत होते. गौहरजान गायल्या. तीन-साडेतीन मिनिटांत बसवावयाचे, कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावयाचे, आणि शेवटी आपले नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारावयाचे. कारण तबकड्या जर्मनीत हानोव्हरला तयार होत आणि तेथील कारागिरांना हे कोणाचे गाणे ते समजावे लागे. ते ऐकताना आमच्या वर्गात एकजण म्हणाली, ‘‘किती ठसक्यात नाव सांगते!’’ ज्या काळी कुलीन म्हणवणाऱ्या घरांत बाईचे नाव चारचौघांत घेत नसत त्या काळी एक बाई स्वतःचे नाव स्वतः सांगत होती. अर्थात त्याच घरांना तिचे गाणे चाले, ती चालत नसे. हीही गोष्ट त्या तबकडीबरोबर ऐकली पाहिजे.

हिराबाई बडोदेकरांनी हे चित्र पुष्कळसे पालटले. अब्दुल करीम खाँसाहेब आणि ताराबाई माने यांची ही कन्या (१९०५–१९८९). त्यांना तालीम मुख्यतः अब्दुल वहीद खाँसाहेबांची. तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करणाऱ्या पहिल्या गायिकांत त्यांची गणना होते. हातवारे न करता, सुराकडे लक्ष देऊन त्या गात. ते पाहून मध्यमवर्गातले आईबाप म्हणू लागले, की आपल्याही मुलीला शिकवावे. आज आपल्या मुली-नाती पेटी-तंबोरा घेऊन निर्धास्त क्लासला जातात त्याच्यामागे हे आहे. हिराबाई आणि त्यांच्या धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे यांची जुगलबंदी जरूर ऐका. दोघी बहिणी एकीने सोडलेला धागा दुसरीने उचलावा तशा गातात, आणि कोठेही ‘मी’ पुढे येत नाही. आमच्या वर्गातल्या दोन सख्ख्या जावांनी ती ऐकून एकमेकींकडे पाहिले. त्यावर मी अधिक काही बोलत नाही.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतल्या ठुमरीच्या तबकडीची कथा आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. गदगला ती ऐकून अकरा वर्षांचा एक मुलगा असे गाणे आपल्याला आले पाहिजे म्हणून घर सोडून निघाला. १९३३ ची ही गोष्ट. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. ही कथा सांगितली की सगळ्या माना कौतुकाने डोलतात. आमच्या वर्गात मात्र एका तरुण सुनेने विचारले, ‘‘तीच तबकडी त्याच दुकानात एखाद्या अकरा वर्षांच्या मुलीने ऐकली असती तर?’’ कोणी उत्तर दिले नाही. ऐकली असेलही. पाण्याची घागर कमरेवर तशीच ठेवून क्षणभर उभी राहिली असेल आणि पुढे गेली असेल.

ज्या गेल्या नाहीत त्यांचे काय झाले हे समजावयास मार्ग नाही. ज्या शिकल्या त्यांनी काय सोसले ते ठाऊक आहे. मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) गोव्यातल्या कुर्डीच्या. लहानपणी आई गेली. सांगलीत त्या एकट्या मेहनत करीत असताना अल्लादिया खाँसाहेबांनी रस्त्यावरून जाताजाता आवाज ऐकला आणि आपण होऊन शिकवू लागले. खाँसाहेबांच्या मागोमाग त्या मुंबईस आल्या, पतीच्या मागे मुले वाढवली आणि गाणेही सांभाळले. दौऱ्यांवर आपल्या आईला कार्यक्रम ठरवणाऱ्यांकडून कशी वागणूक मिळे हे किशोरीताईंनी पुढे उघडपणे सांगितले आहे. पुढच्या काळात त्या मैफलीच्या मानापमानाबाबत इतक्या कडक का, असे विचारणाऱ्यांनी ते आधी वाचावे. मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावली धरणाखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की घरांची जोती वर येतात आणि गावकरी तेथे जमतात.

अल्लादिया खाँसाहेबांच्याच दुसऱ्या शिष्या सूरश्री केसरबाई केरकर, याही गोव्याच्याच, केरीच्या. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अवकाशात सोडली. वाटेत कोणी भेटलेच तर पृथ्वीवर काय आहे ते कळावे म्हणून प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी ठेवली. तीत ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत मराठीही आहे. आणि साऱ्या जगातले मिळून २७ संगीताचे नमुने आहेत. भारताचा एकच आहे, तो केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. ती तबकडी तेव्हा सहजी मिळेना. अखेर न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, खोक्यात पडलेल्या तिच्या प्रती सापडल्या. दुसरे यान ५ सप्टेंबरला उडाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. २०१२ साली त्यांतले एक यान सूर्याच्या प्रभावाच्या कक्षेबाहेर गेले, आणि भैरवी त्याच्यासोबत पुढे चालली आहे.

आम्ही ती भैरवी लागोपाठ तीन वेळा ऐकली. पहिल्यांदा सगळ्याजणींना यानाचेच कौतुक वाटत होते. दुसऱ्यांदा आवाज ऐकू आला, भरलेला, मोकळ्या ‘आ’काराचा, कोठेही पातळ न होणारा. तिसऱ्यांदा एका बाईंनी विचारले, ‘‘ह्या श्वास कोठे घेतात?’’ मग आम्ही ते शोधण्यासाठी चौथ्यांदा लावली! या एका प्रश्नाने आम्ही जे ऐकले ते चार पुस्तके वाचून कळले नसते. म्हणून नव्या सभासदांना मी सांगते, की महिन्याला एकच गाणे ऐका, पण चार वेळा ऐका. आणि जी मैत्रीण तुम्हांला गाणे पाठवील तिला विचारा, की यात कोठे कान देऊ?

यंत्राची एक तक्रार येथेच करून टाकते. मोबाइलवर फुकटात ऐकताना तंबोरे जुळतात, षड्ज लागतो, आपण डोळे मिटतो, आणि साबणाची जाहिरात येते. सासूबाईंना भांड्यांचा आवाज टाळता येत होता. हा आपल्याला टाळता येत नाही. आमच्या मंडळाने म्हणून वर्षाची वर्गणी भरून जाहिरातीविना ऐकण्याची सोय घेतली आहे. चिवड्याच्या विक्रीतून ती रक्कम निघाली, हे खजिनदारबाईंच्या सूचनेवरून मुद्दाम नमूद करते.

आता आमच्या एका वडीलधाऱ्या सभासदांविषयी सांगावयाचे आहे. नाव घेत नाही, त्या समोर बसल्या आहेत. वय ब्याऐंशी. गेल्या वर्षी एका गुरुवारी त्या म्हणाल्या, ‘‘तंबोरा वाजतो आहे हे समजते, पण जवारी ऐकू येत नाही.’’ ज्यांनी तंबोरा जवळून ऐकला आहे त्यांना कळेल. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जी गुंजारवाची भुणभुण साधतात ती जवारी. तिच्यात बारीक आणि उंच स्वर मिसळलेले असतात. वयोमानाने कान मंदावू लागला की आधी उंच स्वर जातात, खालचे राहतात. बाईंचा तंबोरा असा अर्धा गेला होता. वरच्या सप्तकातल्या ताना त्यांना कापडाआडून आल्यासारख्या लागत. पन्नास वर्षांच्या संसारात ‘पुढे निवांत ऐकू’ म्हणून ठेवलेले गाणे, आणि निवांतपणा आला तेव्हा हे!

आम्ही दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे त्यांना गंगूबाई हनगल ऐकवल्या. गंगूबाईंच्या (१९१३–२००९) पहिल्या तबकड्या ‘गांधारी हनगल’ या नावाने निघाल्या होत्या, आणि त्यांत आवाज बारीक, उंच आहे. पुढे घशाचे दुखणे झाले, त्यावर उपचार झाले, आणि आवाज खाली गेला, रुंद झाला, पुरुषी म्हणावा इतका. दुसरी एखादी खचली असती. हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकलेल्या या बाईने तोच आवाज आपला केला. तो आमच्या बाईंना स्पष्ट ऐकू येतो. त्या दिवशी त्यांनी पूर्ण ख्याल ऐकला, हाताने ताल धरून, आणि समेला त्यांची मान आमच्याआधी हलत होती. दुसरे म्हणजे त्यांना कानाच्या तज्ज्ञाकडे पुन्हा नेले. श्रवणयंत्र मुख्यतः बोलणे ऐकू यावे म्हणून जुळवलेले असते. गाण्यात ते आवाज दाबते, सूर थरथरवते. पुष्कळ यंत्रांत गाण्यासाठी निराळी जुळणी करून मिळते, पण ती मागावी लागते. बाईंना विचारले होते, ‘फोनवर बोलणे ऐकू येते ना, दूरदर्शन ऐकू येते ना?’ गाणे ऐकता का, हे कोणी विचारलेच नव्हते. आपणांपैकी कोणाच्या घरी आई, सासू, मावशी श्रवणयंत्र वापरीत असतील त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. जुळणी बदलल्यावर जवारी पुरती परत आली असे मी म्हणणार नाही. थोडी आली.

बाकीच्या जणी काय ऐकतात ते भराभर सांगते, नाहीतर त्या रागावतील. बँकेतून निवृत्त झालेल्या एक भगिनी प्रभाताई अत्र्यांचा मारुबिहाग आणि कलावती आलटून पालटून ऐकतात. प्रभाताई जानेवारी २०२४ मध्ये गेल्या, तेव्हापासून त्यांनी दुसरे काही लावलेले नाही. दोघीजणी माणिक वर्मांच्या भावगीतांकडून त्यांच्या ख्यालाकडे आल्या आणि तेथेच रमल्या. एक सूनबाई धावपट्टीवर चालताना वीणा सहस्रबुद्धे ऐकतात. मी त्यांना म्हटले, की विलंबिताला पाय कसा जुळतो? तर म्हणाल्या, ‘‘आधी जोडीत नाही, द्रुत आली की धावते.’’ आणि आमच्यातल्या सर्वांत लहान, अकरावीतल्या मुलीने मालिनी राजूरकरांचा टप्पा शोधून काढला आहे. मालिनीताई अजमेरकडून आल्या, हैदराबादला राहिल्या, प्रसिद्धीपासून चार हात दूर राहिल्या, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गेल्या. त्या मुलीचे म्हणणे, की टप्पा म्हणजे जिन्यावरून घसरत यावे आणि शेवटच्या पायरीवर बरोबर उभे राहावे. ‘छान’ म्हणण्याची बंदी असल्यामुळे तिला हे सुचले, असा माझा दावा आहे.

पुढचा वर्ग दुसऱ्या गुरुवारी, तीन वाजता. त्या दिवशी मुलतानी लावणार आहोत. ती वेळ तिचीच आहे. विलंबितापासून द्रुतापर्यंत पुरी चाळीस मिनिटे, त्यामुळे त्या दिवशी वीस मिनिटांचा नियम नाही. भाज्या निवडावयास आणू नयेत, विणकामही नको. मोबाइल दारातल्या परडीत ठेवावयाचे आहेत. चहा साडेचारला, तो करण्याची पाळी यावेळी दोघींच्या यजमानांनी घेतली आहे, आणि ते गाणे चालू असताना स्वयंपाकघराचे दार लावून घेणार आहेत. खुर्च्या आठच आहेत, तेव्हा ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पावणेतीनलाच यावे.